तिजोरीत ठेवलेली फाईल

पूर्णेच्या मोंढ्यातील आमच्या आडत दुकानात एक जुनी लोखंडी तिजोरी आहे. तीत दागिने नाहीत. आजोबांच्या काळातील खातेवह्या, जमिनीचे कागद आणि लाल बासनात बांधलेली एक जाड फाईल, एवढाच तिचा ऐवज. दर दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी तिजोरी उघडली जाई, वह्यांना कुंकू लागे, आणि त्या फाईलला हात न लावता मी तिजोरी पुन्हा बंद करीत असे. असे नऊ वर्षे चालले.

ती फाईल माझ्या नातीच्या आजाराची होती. ती मी तेथे का लपविली आणि त्यामुळे काय घडले, हे समाजबांधवांपुढे मांडण्याचे मी ठरविले आहे. चातुर्मासात आपण गुरूंपुढे बसून आलोचना करतो. हे लिखाणही त्याच भावनेने केलेले आहे. नातीने ते आधी वाचले असून तिची अनुमती आहे. तिचे नाव मात्र मी घेत नाही.

२००५ साली ती चार वर्षांची होती. ताप उतरेना, अंगावर निळसर डाग उठू लागले, खेळता खेळता ती मधेच खाली बसू लागली. गावातील डॉक्टरांनी रक्त तपासले आणि त्याच दिवशी नांदेडला नेण्यास सांगितले. नांदेडहून मुंबई. रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. औषधांनी आजार मावळला. परंतु दीड वर्षाच्या आत तो उलटला. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की आता मूलपेशींचे प्रत्यारोपण, म्हणजे ज्याला आपण मगज किंवा अस्थिमज्जा बदलणे म्हणतो, हाच भरवशाचा मार्ग उरला आहे. घरातील सर्वांचे रक्त तपासले गेले. सख्ख्या भावंडांत जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते. आमचे पुण्य उदयास आले म्हणावे, तिचा नऊ वर्षांचा भाऊ जुळला. जानेवारी २००७ मध्ये, ती साडेपाच वर्षांची असताना, प्रत्यारोपण झाले.

त्या खोलीतील नियम ऐकून माझ्या धर्मपत्नीला त्याही स्थितीत नवल वाटले होते. पाणी उकळलेलेच हवे, तोंडावर पट्टी हवी, शिळे चालणार नाही, कच्चे चालणार नाही, शिजविलेले अन्न थोड्याच वेळात संपवावयाचे. ती म्हणाली, "ही तर आपल्याच घरची रीत आहे." नातीच्या अंगी त्या वेळी रोगाशी झुंजण्याची काहीच शक्ती उरलेली नव्हती, म्हणून ते नियम होते. ती शक्ती का उरली नव्हती, हे समजून घेतले तर पुढची सारी हकिगत समजेल.

शेतकरी ज्याप्रमाणे तणाने भरलेले रान पेरणीपूर्वी समूळ मोकळे करतो, त्याप्रमाणे नवी मज्जा देण्यापूर्वी जुनी मज्जा पूर्ण नष्ट करावी लागते. त्यासाठी तीव्र औषधे देतात, आणि अनेक मुलांना संपूर्ण शरीरावर किरणोपचारही देतात. नातीलाही तो दिला होता. त्यानंतर भावाच्या मूलपेशी रक्तात सोडतात. त्या आपली वाट आपण शोधून हाडांत जाऊन रुजतात. पुढे तिचा रक्तगटसुद्धा बदलून भावाचा झाला. राखी बांधताना ती त्याला गमतीने म्हणते, "भैय्या, मी रक्षण काय मागू? तुझे रक्तच माझ्या अंगात आहे."

पाच वर्षे उलटली तेव्हा डॉक्टरांनी आम्हांला समोर बसवून दोन वाक्ये सांगितली. पहिले असे, की रक्ताच्या कर्करोगातून ही मुलगी बरी झाली आहे. दुसरे असे, की हिला दरवर्षी तपासणीस आणा, आयुष्यभर आणा. आम्ही पहिले वाक्य ऐकले आणि पेढे वाटले. मी व्यापारी माणूस; माझ्या मनाने हिशेब बेबाक झाला होता. ज्याची बाकी उरलेली नाही ते खाते कोणी दरवर्षी उघडून बसत नाही.

आणखी एक कारण होते, आणि खरे कारण तेच होते. मुलगी मोठी होत होती. आपल्या समाजात सोयरीक चार गावांत फिरून ठरते. जालन्याला निघालेली गोष्ट लातूरला पोहोचण्यास दिवस लागत नाही. 'त्यांच्या नातीला कॅन्सर झाला होता' हे वाक्य एकदा मोंढ्यात फिरले की ते पुसता येणार नाही, अशी मला धास्ती होती. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी आणि नियमित तपासणीसाठी रेल्वेभाड्यात मोठी सवलत मिळते. आमचे पूर्णा तर रेल्वेचेच गाव. सवलतीचा कागद घेऊन खिडकीवर जायचे इतकेच काम होते. परंतु खिडकीमागे बसणारे बाबू ओळखीचे होते. म्हणून पैशाचा हिशेब ठेवणारा मी, पूर्ण भाडे भरून देवगिरी एक्सप्रेसची तिकिटे काढीत असे, आणि शेजाऱ्यांना सांगत असे की मुंबईला नातेवाइकांकडे निघालो आहोत. २०१३ साली ती बारा वर्षांची झाली आणि मी तेही जाणे थांबविले. मुलगा आणि सूनबाई काही बोलू पाहत होते. मी बोलू दिले नाही. फाईल बासनात बांधून तिजोरीत ठेवली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्या गळ्याच्या पुढच्या बाजूस, डावीकडे, एक लहानशी गाठ दिसू लागली. दुखत नव्हती. तिला घेऊन मीच एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गळा चाचपून पाहिला आणि विचारले, "लहानपणी काही मोठा आजार? गळ्यावर, छातीवर कधी किरणोपचार?" नात माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "नाही." डॉक्टरांनी सांगितले की थायरॉईडच्या अशा गाठी पुष्कळ जणांना होतात, बहुतेक निरुपद्रवी असतात, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. त्यांच्याकडे बोट दाखविता येत नाही. त्यांना जी माहिती मिळाली तिच्यावरून त्यांनी योग्य तेच सांगितले. माहिती मी दिली होती.

त्यानंतर संवत्सरी आली. स्थानकातून प्रतिक्रमण आटोपून आम्ही घरी परतलो, एकमेकांना खमतखामणा केला. नात माझ्या पाया पडली आणि उठताना हळूच म्हणाली, "दादाजी, एक विचारू का? त्या दिवशी डॉक्टरांना तुम्ही नाही का म्हणालात? मला सगळे आठवते. मी पाच वर्षांची होते, तरी ते मोठे यंत्र आणि काचेपलीकडून हात हलविणारी मम्मी आठवते." मी गप्प राहिलो. ती पुढे म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठीच केलेत, हे मला ठाऊक आहे. पण आता मी खरे सांगणार आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तिजोरी उघडली. ती फाईल घेऊन ती स्वतः डॉक्टरांसमोर बसली. डॉक्टरांनी तीन-चार पाने उलटली आणि त्याच आठवड्यात सुईने गाठीतील पेशी काढून तपासणीस पाठविल्या. थायरॉईडचा कर्करोग निघाला. जुना आजार परतलेला नव्हता. हा अगदी निराळा, नवा आजार होता. दिवाळीपूर्वी शस्त्रक्रिया झाली. तोवर तो गळ्यातील दोन लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे शस्त्रक्रिया मोठी करावी लागली. हे मधल्या सात महिन्यांमुळेच झाले का, असे मी शल्यचिकित्सकांना विचारले. ते म्हणाले, "तसे निश्चित सांगता येणार नाही." त्यांचे ते उत्तर मी रोज सोबत घेऊन वावरतो.

या प्रकारचा थायरॉईडचा कर्करोग बहुधा उपचारांना चांगला प्रतिसाद देतो, आणि नात आज बरी आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, तीही जन्मभर, एवढे बंधन आहे. नवकारसी पाळून ती गोळी घेते आणि त्यानंतर अर्ध्या तासाने न्याहारी करते. उपवासाच्या दिवसांविषयी साध्वीजींना विचारले असता त्यांनी पच्चक्खाण घेतानाच औषधाची सूट ठेवण्यास सांगितले. गोळी चुकविणे म्हणजे तप नव्हे, असे त्या म्हणाल्या.

या आजाराचा आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या उपचाराचा संबंध काय, हे मला शल्यचिकित्सकांनी शांतपणे समजावून सांगितले. किरण तण आणि माती यांत भेद करीत नाहीत. रोगी पेशी नष्ट होताना शेजारच्या निरोगी पेशींच्या आतील रचनेलाही कोठेकोठे धक्का लागतो. बहुतेक पेशी तो दुरुस्त करतात. एखादीत चूक शिल्लक राहते, आणि ती पेशी पिढ्यान्‌पिढ्या विभागत गेल्यावर दहा, पंधरा, वीस वर्षांनी गाठीच्या रूपाने प्रकट होते. मुलाचे शरीर वाढत असते, पेशी भराभर विभागत असतात, आणि पुढे आयुष्यही मोठे असते. म्हणून वय जितके लहान तितका हा धोका अधिक.

हे ज्ञान जगाला एका दिवसात झालेले नाही. मज्जा-प्रत्यारोपणाचा पाया घालणारे अमेरिकेतील डॉ. डोनॉल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सिएटल येथील केंद्रात शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातील पहिले मज्जा-प्रत्यारोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती. बालपणी पोलिओ झाल्याने अडवाणी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून रुग्ण तपासीत. आरंभीच्या त्या वर्षांत प्रश्न एकच असे: मूल वाचेल का? मुले वाचू लागली, मोठी होऊ लागली, तेव्हा दुसरा प्रश्न पुढे आला.

१९९७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६४ ते १९९२ या काळात २३५ केंद्रांत प्रत्यारोपण झालेल्या १९,२२९ रुग्णांची त्यात पाहणी होती. जे दहा वर्षांहून अधिक जगले त्यांच्यात नवी घन गाठ होण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा आठपट आढळले. २००० साली त्याच काळातील, रक्ताच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण झालेल्या ३,१८२ मुलांचा स्वतंत्र हिशेब मांडला गेला. पंधरा वर्षांच्या अखेरीस शंभरांत सुमारे अकरा जणांना अशी गाठ होण्याची शक्यता त्यात दिसली. पाच वर्षांखालील मुलांत धोका सर्वाधिक होता, आणि थायरॉईड व मेंदू येथील गाठी अधिक होत्या. हे आकडे जुन्या पद्धतीच्या उपचारांचे आहेत. त्यानंतर मात्रा आणि पद्धती बदलल्या आहेत. तरीही आकड्यांची दुसरी बाजू वाचावी: शंभरांतील एकोणनव्वद जणांना अशी गाठ होत नाही.

येथे कोणी असा अर्थ काढू नये की मग प्रत्यारोपण वा किरणोपचार नकोच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात चार वर्षांवरील मुलांचे दोन गट केले होते. पूर्ण शरीराचा किरणोपचार मिळालेल्यांपैकी दोन वर्षांनी शंभरांत ९१ जिवंत होती. किरणांऐवजी केवळ औषधे मिळालेल्यांपैकी ७५. ज्या उपचाराने आमची नात वाचली त्यानेच पुढे ही गाठ दिली असेल. परंतु तो उपचार नसता तर गाठ होण्याइतके वय तिला लाभले नसते. आम्ही घेतलेला निर्णय बरोबर होता. चूक झाली ती नंतर पाठ फिरविण्यात.

सर्वच गाठी एका प्रकारच्या नसतात, हेही पालकांनी जाणावे. प्रतिकारशक्ती दबलेली असताना, बहुधा पहिल्या वर्षात, एका विषाणूमुळे लसिकाग्रंथींची गाठ होऊ शकते. तीव्र औषधांमुळे काही वर्षांनी मज्जेचा नवा विकार उद्भवू शकतो, विशेषतः रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी परत दिलेल्या असतील तेव्हा. घन गाठी सावकाश, अनेक वर्षांनी येतात: थायरॉईड, मेंदू, हाडे, त्वचा, तोंड. थॅलेसेमियासाठी प्रत्यारोपण झालेल्या मुलांना बहुधा किरणोपचार देत नाहीत, म्हणून त्यांचा धोका निराळा असतो. पण तपासणीतून सुटका त्यांनाही नाही. दात्याच्या पेशी ज्यांच्या शरीराशी दीर्घकाळ भांडत राहतात, त्यांच्या तोंडात आणि त्वचेवर कर्करोग होण्याची शक्यता वाढते. मुलांत ती मुलींपेक्षा अधिक आढळली आहे. अशा मुलाच्या हाती सुपारी किंवा तंबाखूची पुडी पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी आपल्यापैकी किती दुकानांच्या गल्ल्याजवळ सुगंधी सुपारीच्या माळा लटकलेल्या असतात, हे आपण आपापल्या मनाशी पाहावे. माझ्या धाकट्या भावाच्या किराणा दुकानातून त्या आता उतरविल्या आहेत.

उपचार संपलेल्या मुलांसाठी दारे कधीच उघडलेली होती, हे मला फार उशिरा कळले. टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ सालापासून अशा मुलांसाठी खास बाह्यरुग्ण विभाग चालतो. तो सुरू करणाऱ्या बालकर्करोगतज्ज्ञांचे नाव डॉ. पूर्णा कुरकुरे. आमच्या गावाचे आणि आमच्या नदीचेच नाव! बालपणीच्या कर्करोगातून बरे झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ पासून काम करतो. ज्या गोष्टीसाठी मी फाईल लपविली, ती गोष्ट ही मुले उघडपणे सांगतात, शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात.

नातीने फाईल आता तिजोरीत ठेवू दिलेली नाही. तिने डॉक्टरांकडून एका पानाचा सारांश लिहून घेतला आहे: आजाराचे नाव, प्रत्यारोपणाची तारीख, दाता कोण, औषधे कोणती, किरणांची मात्रा किती. तो कागद तिच्या फोनमध्ये असतो, आणि कोणत्याही नव्या डॉक्टरांपुढे ती तो प्रथम ठेवते. दरवर्षी गळा, त्वचा, रक्त आणि हृदय यांची तपासणी होते. दंतवैद्यांकडून तोंड पाहिले जाते. छातीवर किरण गेलेल्या मुलींची स्तनांची तपासणी पंचविशीच्या सुमारासच सुरू करावी लागते. तीही तारीख तिने लिहून ठेवली आहे. उन्हात जाताना ती ओढणी घेते.

आता सोयरिकीविषयी. मागील वर्षी एका चांगल्या घरातून विचारणा आली. माहितीपत्रकाच्या शेवटी नातीने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या: दोन्ही आजार, दोन्ही उपचार, आणि मातृत्वाविषयी डॉक्टरांनी जे सांगितले ते. त्या घराने नकार कळविला, नम्रपणे कळविला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "दादाजी, खोटे सांगून त्या घरी गेले असते तर दरवर्षी तपासणीला काय सांगून बाहेर पडले असते?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. लपविलेला आजार सासरी गेला की तपासणी बंद पडते, हे मी स्वतःच्या उदाहरणावरून जाणतो. माझ्या घरी ती नऊ वर्षे बंद पडली होती.

सत्य आणि अहिंसा आपण वेगवेगळी व्रते म्हणून शिकतो. त्या डॉक्टरांसमोर उच्चारलेल्या माझ्या एका 'नाही'ने ती दोन्ही एकाच वेळी मोडली. ज्यांच्या घरात असे बरे झालेले मूल आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: फाईल शोधा, सारांश लिहून घ्या, यंदाची तपासणी चुकली असेल तर या महिन्यात जा. आणि ज्यांच्या दारी असे स्थळ येईल त्यांनी खरे सांगणाऱ्या घराला शिक्षा देऊ नये. तसे झाले तर पुढचे घर लपवील.

पुढील तपासणीची तिकिटे मी स्वतः काढून आणली. खिडकीवर सवलतीचा कागद पुढे केला. बाबूंनी तो वाचला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "नात बरी आहे ना?"

मी म्हणालो, "बरी आहे. दरवर्षी दाखवावे लागते."